झिरा आटला, कारण वरचा डोंगर उघडा पडला

शाळेच्या वाटेवर | ६ एप्रिल, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. मी नाशिकच्या पंचवटीत राहते आणि पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर प्राथमिक शाळेत शिकवते. हे अकरावं वर्ष. पेठच्या रस्त्यावरचा सावळघाट चढून-उतरून रस्त्याकडेचं एकेक झाड ओळखीचं झालंय, त्यामुळे जे लिहितेय ते ऐकीव नाही.

शाळेच्या मागच्या उतारावर एक झिरा आहे. काळ्या खडकाच्या सांदीतून पाणी पाझरतं आणि परातीएवढ्या खळग्यात साचतं. बाया स्टीलच्या वाटीनं ते हंड्यात भरतात. तळ ढवळला की गाळ वर येतो, म्हणून दुधावरची साय काढावी तशी वाटी आडवी धरून वरचं वरचं पाणी घ्यायचं. मी इथे रुजू झाले तेव्हा हा झिरा मे अखेरपर्यंत पुरायचा. यंदा होळी झाली आणि धार तुटली. परवा मधल्या सुट्टीत घड्याळ लावून बसले. एक हंडा भरायला ३८ मिनिटं लागली. मागे नऊ हंडे रांगेत होते.

चौथीतली एक मुलगी महिनाभर दुसऱ्या तासाला येतेय. कारण विचारलं तर म्हणाली, "बाई, रातीच नंबर लावला व्हता." आई वाटीनं पाणी काढते आणि ही बॅटरी धरून उभी राहते, रात्री दोन ते पहाटेपर्यंत. त्या दिवशी परिसर अभ्यासात पाण्याचाच पाठ होता. मला तो शिकवता आला नाही, पुढे ढकलला.

पेठला पाऊस कमी पडतो म्हणावं तर तसंही नाही. इथे वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. सिन्नर-येवल्याकडे त्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शाएवढाच. आमच्याकडे जुलैत शाळेच्या पत्र्यावर इतका आवाज होतो की शिकवणं थांबवावं लागतं, आणि त्याच गावाला मार्चमध्ये टँकरची वाट बघावी लागते.

बदललाय तो झिऱ्याच्या डोक्यावरचा उतार. मी आले तेव्हा तिथे साग, ऐन, धावडा, हिरडा होते आणि खाली करवंदाच्या जाळ्या. पायाखाली पाचोळा इतका की चप्पल रुतायची. सहा-सात वर्षांत तो उतार उघडा झाला. कुणाच्या मालकीतले साग लग्नाच्या, दवाखान्याच्या खर्चासाठी व्यापाऱ्याला गेले. काही चुलीत गेलं. दोनदा वणवा लागला आणि जे फुटवे आले ते शेळ्यांनी खाल्ले. एकट्या कुणावर बोट ठेवता येत नाही. पण आता पहिल्या पावसात तिथून येणारं पाणी चहाच्या रंगाचं असतं. दोन तासांत ओहळ भरून वाहतो आणि संध्याकाळपर्यंत कोरडा होतो.

झाडं गेली की ऊन वाढतं, हे सगळे बोलतात. मला इथे झिऱ्यांबद्दल बोलायचंय. तुमच्या भागात असं झालंय का? झिरा परत वाहता झालेला कुणी पाहिलाय का?

धरणकाठ | ६ एप्रिल, रात्री १०:४५

ताई, मी पाटबंधाऱ्याच्या कामात आयुष्य घालवलं, आता निवृत्त आहे. तुमचं निरीक्षण बरोबर आहे. त्यामागचं कारण थोडं सविस्तर सांगतो.

पावसाचा मोठा थेंब ताशी तीसेक किलोमीटर वेगानं जमिनीवर आदळतो. झाड असेल तर तो आधी पानावर फुटतो, मग फांदीवरून, खोडावरून उतरतो, पाचोळ्यात मुरतो. मुळांनी आणि वाळवी-गांडुळांनी जमिनीत नळ्या केलेल्या असतात, त्यांतून खाली जातो. आपल्या डोंगरांत बेसॉल्टचे थर एकावर एक आहेत. फुटक्या, सच्छिद्र थरातून पाणी उतरतं, खाली घट्ट थर लागला की आडवं सरकतं आणि उताराच्या कुशीत जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडतं. तोच तुमचा झिरा. जुलैत मुरलेलं पाणी हळूहळू सरकत एप्रिलमध्ये वाटीत येतं. झाड गेलं की थेंब थेट मातीवर आपटतो, माती बंद होते, पाणी मुरायच्या आधी पळतं. पाऊस तेवढाच पडतो, पण पाणी जमिनीत थांबत नाही, एवढाच फरक.

'झाडं पाऊस आणतात' हे आपण शाळेपासून ऐकतो. मोठ्या सलग जंगलांच्या बाबतीत ते खरं आहे, ॲमेझॉनचं जंगल आपल्या बाष्पावर पुढच्या प्रदेशाला पाऊस देतं. पण आपला मुख्य पाऊस समुद्रावरून येतो आणि घाटाला अडून पडतो. आपल्या डोंगरावरच्या झाडाचं मोठं काम पडलेलं पाणी धरण्याचं आहे.

एक दुरुस्ती सुचवतो. पेठचं पाणी गोदावरीला येत नाही. ते दमणगंगेनं पश्चिमेला जातं. त्यामुळे तुमचा उतार बोडका झाल्याचा त्रास नाशिक शहराला थेट होत नाही. पण ब्रह्मगिरी-अंजनेरीच्या बाजूला हेच घडतं, आणि तिथली माती आपल्या गंगापूर धरणात येते. या धरणाची मूळ साठवण ७,२०० दशलक्ष घनफूट होती. आता ५,६३० धरतात. मधली दीड हजारावर जागा गाळानं खाल्ली. नाशिककर नळ सोडतो तेव्हा त्याला हे कळत नाही, पण वरच्या डोंगरावरची माती त्याच्या हंड्यातली जागा घेऊन बसली आहे.

त्र्यंबकची लेक | ७ एप्रिल, सकाळी ७:२०

काका, ब्रह्मगिरीच्या पायथ्याला माझं माहेर. लहानपणी पावसाळा संपला तरी दिवाळीपर्यंत डोंगरावरून पांढऱ्या धारा दिसायच्या. आता पाऊस थांबला की चार दिवसांत धारा थांबतात. २०२१ मध्ये डोंगर पोखरण्यावरून आंदोलन झालं तेव्हा मी आईला घेऊन गेले होते. ती म्हणाली, गोदामाय जिथे जन्मते तिथेच तिची कूस खणतायत. पुढे ती काही बोललीच नाही.

निफाडचा मळा | ७ एप्रिल, सकाळी ८:०५

वाचतोय. आमच्याकडे प्रश्न वेगळा आहे, बिबट्याचा. रात्री द्राक्षबागेला पाणी द्यायला एकट्यानं जायची सोय राहिली नाही. गेल्या वर्षी शेजारच्या मळ्यातून वासरू उचललं. पोरं क्लासहून येईपर्यंत घरातल्या बाया ओट्यावर उभ्या असतात. जंगल तोडलं म्हणून तो शेतात आला ना?

वाटचाल | ७ एप्रिल, दुपारी १:३०

मला थोडी वेगळी बाजू मांडायची आहे, कृपया रागावू नका. मी रस्त्याच्या कामांवर असतो. पेठ, सुरगाण्याचा पेशंट नाशिकला वेळेत पोचला पाहिजे तर रस्ता रुंद हवा. सिंहस्थ कुंभमेळ्याला लाखो माणसं येणार, त्यांना जागा हवी. त्यासाठी काही झाडं जाणार. आम्ही एका झाडाला अनेक झाडं लावून देतो, मोठी झाडं मुळासकट उचलून दुसरीकडे लावतो. मग नुकसान कुठे राहिलं? मी मनापासून विचारतोय.

सुरगाण्याचा | ७ एप्रिल, रात्री ९:५०

बाई, मी कोकणा समाजाचा, शेती करतो आणि द्राक्षाच्या हंगामात दिंडोरीकडे कामाला येतो. तुम्ही कुणावर बोट ठेवलं नाही, बरं वाटलं. कारण चर्चा पुढे गेली की ती 'आदिवासी जंगल तोडतात' इथेच येऊन थांबते.

राबाबद्दल आधी मीच सांगतो. नागली, भाताचं रोप टाकायच्या जागेवर आम्ही फांद्या, पाला, शेण, गवत, वरून माती असा थर देतो आणि उन्हाळ्यात भाजतो. राखेत रोप जोमानं येतं, तण मरतं. त्यासाठी ऐनासारख्या झाडांच्या फांद्या छाटतो. झाड बुंध्यातून तोडत नाही, पुढच्या वर्षी परत फांद्या लागतात ना! माझा आजा झाडाचा शेंडा कधी छाटायचा नाही. शेंडा गेला की झाड रडतं, असं म्हणायचा. पण आता झाडं कमी आणि खाणारी तोंडं जास्त, त्यामुळे एकाच झाडावर दरवर्षी कोयता पडतो आणि ते खुरटतं. हे खरं आहे आणि मी ते लपवत नाही. आम्ही चार घरांनी दोन वर्षांपासून राबाचं क्षेत्र निम्म्यावर आणलं, गादीवाफ्यावर शेणखत टाकून रोप करतो. रोप थोडं बारीक येतं, पण येतं.

दुसरी गोष्ट. १८६५ मध्ये थळ घाटातून रेल्वे इगतपुरीला आली. रुळाखालचे स्लीपर आणि इंजिनातलं जळण कुठून आलं? १८७८ च्या कायद्यानं जंगल राखीव झालं. मग फांदी तोडली तर आमच्या माणसाला दंड आणि ठेकेदाराला अख्खं कूप, म्हणजे तोडीसाठी आखून दिलेला जंगलाचा तुकडा. स्वातंत्र्यानंतरही कूप पडतच राहिले. आज ज्या जंगलाला आपण मूळ जंगल म्हणतो ते दोन-तीनदा तोडून उगवलेलं आहे.

आणि जंगल गेल्यावर आधी आमच्या ताटातलं जातं. शेवळं, कुर्डू, भोकर, टाकळा. जूनमध्ये घरात धान्य संपत आलेलं असतं तेव्हा रानभाजीवर दिवस निघतात. हिरडा, मोहफूल, डिंक विकून मिठामिरचीचा खर्च निघायचा. ते गेलं म्हणून माणूस दिवाळीनंतर बिऱ्हाड घेऊन बागेवर जातो, मुलं शाळेतून जातात. बाई, तुमच्या पटावर जानेवारीत किती मुलं असतात ते एकदा इथे लिहा.

शाळेच्या वाटेवर | ७ एप्रिल, रात्री १०:३०

दादा, पटावर ३१. जानेवारीत हजर १७. तुम्ही विचारलंत म्हणून आत्ताच जुनं हजेरीपत्रक काढून बघितलं. पहिल्या वर्षी जानेवारीत ३४ पैकी २९ होती.

रोपवाटिका | ८ एप्रिल, सकाळी ६:५०

वाटचाल दादा, तुमच्या प्रश्नाला मी उत्तर देते. बावीस वर्षं रोपं करते, देशी झाडांचीच.

मोठं झाड उचलून लावता येतं, पण त्यासाठी महिनोन्महिने आधी मुळांभोवती टप्प्याटप्प्यानं चर घेऊन नवी मुळं फुटू द्यावी लागतात. नंतर दोन-तीन उन्हाळे पाणी द्यावं लागतं. वड, उंबर, पिंपळ तग धरतात. साग, ऐन, जांभळाची खोल गेलेली मुळं तुटली की झाड हिरवं दिसत दिसत वाळतं. पहिल्या पावसात पानं फुटतात, फोटो काढले जातात. पुढच्या मेमध्ये तिथे जाऊन बघणारा कुणी नसतो. मी जाते. दरवर्षी पंधरा मेला जाते आणि नखानं साल खरवडून बघते, खाली हिरवं आहे की तपकिरी. बहुतेक वेळा तपकिरी असतं.

एका झाडाच्या बदल्यात दहा हा हिशोब माझ्या गळी उतरत नाही. २०२१ मध्ये झाडांच्या कायद्यात दुरुस्ती झाली तेव्हा पन्नास वर्षांवरच्या झाडाला वारसा वृक्ष म्हटलं गेलं आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी रोपं लावायची असं ठरलं. वयाचा विचार झाला हे चांगलंच. पण साठ रोपं साठ वर्षांच्या वडाची सावली, ढोली, घरटी, मुळांखालची माती उद्या देऊ शकत नाहीत. मधल्या साठ वर्षांत त्या जागेचं पाणी कोण धरणार?

तपोवनात साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभमेळ्यातल्या साधूंच्या मुक्कामाच्या जागेसाठी, अठराशेच्या आसपास झाडांचा प्रश्न २०२५ च्या नोव्हेंबरात आला तेव्हा नाशिककर उभे राहिले, त्यात मीही होते. तिथे एक बाई सुनेला घेऊन आली होती. म्हणाली, माझं घर पत्र्याचं आहे, दुपारी आम्ही इथेच येऊन बसतो. झाड म्हणजे तिचं दुपारचं घर होतं.

रस्ता नकोच असं मी म्हणत नाही. गंगापूर रोडला वड मधे ठेवून रस्ता वळलाच ना! आखणी कागदावर असतानाच झाडं मोजा, मग पुष्कळ झाडं वाचतात. रेषा ओढून झाल्यावर मोजली की प्रत्येक झाड अडथळा वाटतं.

आणि अंजनेरीला एकदा श्रावणात जा. तिथलं एक कंदीलपुष्प जगात फक्त तिथेच सापडतं. ते गेलं तर कुठल्या रोपवाटिकेतून आणून लावणार?

वाटचाल | ८ एप्रिल, सकाळी ९:१५

ताई, मुळांभोवती चर आधी घ्यावा लागतो हे मला माहीत नव्हतं. आमच्याकडे पोकलेननं एका दिवसात उचलतात. आखणीच्या टप्प्यावर मोजणीचं मी वरच्यांशी बोलतो.

कळवणहून | ८ एप्रिल, सकाळी ११:००

निफाडच्या दादांना. बिबट्याचं एवढं सरळ नाही. जंगल विरळ झालं, हरीण-भेकर कमी झालं, हे खरं. पण आज निफाडच्या उसात जो बिबट्या आहे तो बहुतेक उसातच जन्मलाय, त्याच्या आईनंही जंगल पाहिलेलं नाही. दाट ऊस, गोदावरी-कादवेचं पाणी, गावची कुत्री, त्याला आणखी काय हवं? त्यामुळे आता डोंगरावर झाडं लावली म्हणून तो परत जाईल ही आशा धरू नका. गोठा बंदिस्त करा, उकिरडे आवरा, पोरांना संध्याकाळी एकटं सोडू नका. जंगल राखायचं ते पुढच्या पिढीतला प्राणी इकडे ढकलला जाऊ नये म्हणून.

ग्रामीण दवाखाना | ८ एप्रिल, दुपारी ३:४०

थोडक्यात लिहितो, ओपीडी आहे. मार्च ते जून माझ्याकडे मानेच्या-पाठीच्या दुखण्याच्या बाया दुप्पट होतात, लहान मुलांच्या जुलाबाच्या केसेसही. झिऱ्याचा तळ गाठला की येणारं पाणी गढूळ असतं, उकळायला सरपण नसतं. सरपणासाठी जंगल आणखी दूर गेलेलं. हे चक्र आहे.

दुसरं, जंगलात घुसखोरी झाली की आजारही माणसाजवळ येतात. माकडताप १९५७ मध्ये कर्नाटकात शिवमोग्याकडे पहिल्यांदा सापडला. जंगल तोडून माणसं, गुरं आत जाऊ लागली तसा गोचिडींमार्फत पसरला. आपल्या सिंधुदुर्गातही आला. नाशिकला तो नाही, पण असा आजार कसा पसरतो ते कळावं म्हणून सांगितलं.

धरणकाठ | ८ एप्रिल, रात्री ८:३०

पुराबद्दल राहिलं होतं. २००८, २०१६, २०१९, तिन्ही वेळा मी रामकुंडावर होतो. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, अशी बातमी आपल्याकडे घराघरात जाते, मापाचा दगड बघायची गरज नाही. अतिवृष्टी झाली की पूर येणार, जंगल कितीही असलं तरी. पण उघड्या डोंगरावरून पाणी एकदम येतं, त्यामुळे वर ढग फुटल्यापासून खाली सराफ बाजारात पाणी शिरेपर्यंतचा वेळ कमी होतो. दुकानदाराला माल वर उचलायला तीन तास मिळतात की एक तास, हा फरक आहे. त्यात नदीचं पात्र आपण काँक्रीटनं बांधलं, तेही आहेच.

उतारावरच्या वस्त्यांना मात्र तासांची सवडही नसते. माळीण ३० जुलै २०१४ ला गेलं, दीडशे माणसं मातीखाली. तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३. प्रत्येक ठिकाणची कारणं वेगळी. खडकाची ठेवण, पावसाचा जोर, उतारावर केलेली सपाटी. दरड फक्त झाडं तोडल्यानं कोसळते असं मी म्हणणार नाही. पण वरच्या मातीला मुळं शिवून धरतात. टाके उसवले की कापड जास्त जोरात फाटतं. आपल्या घाटातल्या पाड्यांवर ज्या ठिकाणी उतार तोडून घरं, शेतं केलीत, तिथे जुलैत रात्री झोपताना माणसं काय विचार करत असतील.

साक्रीकर | ९ एप्रिल, सकाळी ७:४५

ताईंनी विचारलं होतं, झिरा परत आलेला कुणी पाहिलाय का. मी पाहिलाय. धुळे जिल्ह्यातल्या आमच्या साक्री तालुक्यातलं बारीपाडा गाव. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी तिथेही उघडे डोंगर आणि पाण्यासाठी वणवण. गावानं बसून ठरवलं, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी, मोडेल त्याला दंड. पाळीनं राखण केली. बांध घातले, चर खणले. या कामात पुढे असलेल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली ती त्यासाठीच. आज चारशे हेक्टरच्या वर जंगल उभं आहे आणि आजूबाजूची गावं पाण्याला तिथे येतात. मला सगळ्यात भावलं ते हे, की सुरुवातीला त्यांनी झाडं लावलीच नाहीत, असलेली फक्त राखली. जमिनीत बुंधे जिवंत असतात. कुऱ्हाड आणि शेळी थांबली की ते आपोआप फुटतात.

रोपवाटिका | ९ एप्रिल, सकाळी ८:१०

अगदी हेच. नाशिकजवळ बोरगडचा डोंगर बघा. तोही बोडका होता, चराई आणि तोड थांबवून राखला, आणि २००८ मध्ये तो राज्यातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र झाला. सातपूरला फाशीच्या डोंगरावर २०१५ पासून लोकांनी देवराई उभी केली. तिथे मात्र दरवर्षी वणव्याशी लढावं लागतं, गवत कापून जाळरेषा काढतात, त्यात सुट्टीचे दिवस जातात. लावणं एका दिवसाचं काम, राखणं मात्र वर्षाच्या ३६५ दिवसांचं.

ताई, तुमच्या उतारावर तोडलेल्या ऐनाचे, धावड्याचे बुंधे शिल्लक आहेत का? पाऊस यायच्या आधी बघून ठेवा.

शाळेच्या वाटेवर | १२ एप्रिल, रात्री ८:२०

आज रविवार, सुट्टी म्हणून मुलांना घेऊन वर गेलो. आठवीत गेलेली दोन जुनी मुलंही आली. चुन्याची पिशवी नेली होती, जिवंत बुंधा दिसला की ठिपका. मला वाटलं वीस-पंचवीस सापडतील. १४३ निघाले. ज्या मुलीबद्दल लिहिलं होतं, तिनं एकटीनं ३० शोधले. ती शेळ्यांमागे फिरते, तिला कुठला बुंधा पावसात फुटतो ते पाठ होतं, मला दर वेळी हाताला धरून नेत होती.

खाली आल्यावर बायांशी बोललो. शेळ्या तीन वर्षं त्या बाजूला नेऊ नयेत म्हटलं तर एक आजी म्हणाली, "मंग शेळ्यांना खायला तू घालशील का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. खूप वेळ बोलणं झालं. शेवटी उताराचा वरचा अर्धा भाग बंद आणि खालचा चरायला मोकळा, असं ठरलं. तेही एका पावसाळ्यापुरतं. पुढचं पुढे बघू म्हणाल्या.

सुरगाण्याचा | १२ एप्रिल, रात्री ९:०५

बाई, आजीचं बरोबर आहे. अर्धा भाग मिळाला तोही पुष्कळ. तुमच्या गावानं सामूहिक वनहक्काचा दावा केलाय का? २००६ च्या कायद्यानं ग्रामसभेला जंगल राखायचा, सांभाळायचा हक्क मिळतो. गडचिरोलीत मेंढा-लेखाला तो २००९ मध्ये मिळाला. दावा मंजूर झाला की चराईचा नियम ग्रामसभेचा होतो, मग बाहेरचा कुणी येऊन कोयता चालवू शकत नाही. कागदपत्रं कशी करायची ते आम्ही केलंय, सांगतो.

पुढच्या रविवारी बागेवरून सुट्टी आहे. येऊ का? पहार, फावडं घेऊन येतो. झिरा थोडा खोल करू.

धरणकाठ | १२ एप्रिल, रात्री ९:२०

झिऱ्याला हात लावू नका रे बाळांनो! पहार लागली आणि खालचा घट्ट थर फुटला तर पाणी दुसरीकडे वाट काढतं, मग कायमचं जातं. काम करायचं ते वर, उताराच्या माथ्यावर. समपातळीत उथळ चर, काढलेली माती खालच्या बाजूला. रविवारी मीही येतो, ए-फ्रेम म्हणजे पातळी काढायची 'A' आकाराची चौकट घेऊन. मुलांना पातळी काढायला शिकवतो.

सुरगाण्याचा | १२ एप्रिल, रात्री ९:२४

बरं काका. मग फावडं आणतो, पहार राहू देतो. सावळघाटाच्या पायथ्याला सात वाजता?

शाळेच्या वाटेवर | १२ एप्रिल, रात्री ९:३१

साडेसहाला या. ऊन व्हायच्या आधी वर पोचू. भाकरी माझ्याकडून, पाणी मात्र प्रत्येकानं आपलं नाशिकहूनच भरून आणा.